दारावरची ओढणी

गुजरातेत करजणजवळच्या गुलाबांच्या पॉलिहाउसवर मी सुपरवायझर आहे आणि फुलं तोडणाऱ्या बायकांपैकी ती एक. माझ्याशी बोलतानाही तिची कात्री थांबत नाही, याचाच मला आधी राग यायचा.

औषध फवारलं की पुरुष मास्क काढून चहाला जायचे आणि बायकांना लगेच आत पाठवायचं, अशी इथली पद्धत. औषध सुकेपर्यंत तरी बायकांना थांबू द्या, असं मी शेठना सांगून पाहिलं होतं. त्यांनी मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही.

एकदा फवारणी संपल्यावर तिनं आपली ओढणी नळाखाली भिजवली, दारावर टाकली आणि उघड्या डोक्यानं दारातच बसली. "बेन, आ सुकाय पछी अंदर जईशुं," ही सुकली की आत जाऊ, एवढंच मला म्हणाली. बाकीच्याही तिच्याशेजारी बसल्या. शेठ खूप ओरडले, पण फुलं तोडणार कोण?

आता दर फवारणीनंतर ते ऑफिसातून मला फोन करतात, "ओढणी सुकाई गई?"

तिच्या कितीतरी आधीपासून मी इथं आहे. माझ्या शब्दासाठी इथलं काही कधी थांबलं नाही. खिडकीतून बघते, तर ओढणी केव्हाच वाळून वाऱ्यावर उडत असते.

"नथी सुकाई," नाही सुकली, मी सांगते.

तेवढा वेळ शेठ माझ्यासाठी थांबतात.