चिमुकल्यांच्या गटातले मामा

आमच्या घरात काहीही बिघडलं की पहिला संशय माझ्यावर येतो. मी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. इतका लौकिक कमवायला वर्षं लागतात. पण मुलीच्या लग्नात तो माझ्यावर चांगलाच उलटला.

तारीख काढताना मंचेरियलच्या थोरल्या मेहुण्यांना, म्हणजे बायकोच्या मोठ्या भावाला, विचारायचं राहून गेलं. ते रुसले. "पत्रिकेत माहं नाव टाकू नका," असा फोन आला. आमच्याकडे मुलीच्या पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय लग्न लागत नाही. बायको स्वतः गेली, दोन दिवस राहिली, रडली, आणि भावाचा होकार घेऊन आली. आता नाव टाकायचं काम माझं.

मी इचोड्याच्या कॉलेजात संगणक शिकवतो, त्यामुळे मोबाइलवर उघडणारी पत्रिका मीच केली होती. सगळी नावं एका एक्सएमएल फाईलमध्ये होती. तिथं प्रत्येक गटाला सुरुवातीची खूण आणि शेवटची खूण. नावं त्यांच्या मधे. आधी निमंत्रक, मग मामा मंडळी. हातानं नाव घालताना एखादी खूण तुटली तर अख्खी पत्रिका उघडत नाही, म्हणून मी चार ओळींचा कोड लिहिला: फाईल वाच, नवं नाव तयार कर, शेवटच्या गटाला जोड, फाईल जतन कर. कोड चालला. मी ऐटीत पत्रिका नातेवाइकांच्या ग्रुपवर सोडली. उघडून पाहिली मात्र नाही.

शेवटचा गट मामा मंडळींचा, हे मी धरूनच चाललो होतो. आदल्याच दिवशी बायकोच्या हट्टापायी त्याच्याखाली चिमुकल्यांचा गट घातला होता, हे डोक्यातून पार गेलं. परिणामी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, झुपकेदार मिशांचे आमचे मेहुणे दोन बालवाडीतल्या भाच्यांच्या खाली बसून लाडानं म्हणत होते, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!"

"तुमी मुद्दाम केलं," बायको म्हणाली.

"अगं, कोडनं केलं."

"अन् कोड कोनं लिवला?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मेहुणे दारात हजर. मुलगी पाण्याचा गिलास घेऊन पुढं झाली. त्यांनी हात लावला नाही. ती तशीच उभी राहिली. लग्नात आपल्या मागची जागा रिकामी राहणार का, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

"काऊन केलं जवाईबापू?"

मी लॅपटॉप उघडला, ओळ दाखवली, वर्गात समजावतो तसं समजावलं. ते मिशीवरून बोट फिरवत ऐकत होते. पोलिसांसमोरचा चोरसुद्धा इतका गोड बोलत नसेल, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

"मले ते काई समजत न्हाई. माह्यासमोर आखीन एक नाव टाका. तुमचं टाका. तेबी खालीच गेलं तर मानीन."

मी टाकलं. पत्रिका नव्यानं उघडली. त्यांनी चष्मा चढवला, स्क्रीनवर बोट टेकवून खाली खाली सरकत गेले. त्यांच्याखाली, सगळ्यात धाकटा म्हणून, मी.

मेहुण्यांच्या मिशा आधी हलल्या, मग पोट. मुलीच्या हातातला गिलास घेऊन ते खाटेवर बसले. "आता काढू नका. मी एकला लेकरात न्हाई बसनार, तुमी बी बसा माह्याजवळ."

सगळं निभावलं म्हणून मी लॅपटॉप मिटत होतो, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "पन जवाईबापू, मनात असंल त्या गटात नाव टाकता येते का?"

"येतं की. फक्त गटाचं नाव सांगायचं."

गिलास ओठांशी थांबला. बायको माझ्याकडं बघत होती. मुलगीही.

लग्नात मामा तिच्या पाठीशी ताठ उभे होते. सगळे वधूवरांकडं पाहत होते. त्यांची नजर तेवढी शेवटपर्यंत माझ्यावर होती.