होडी हादरली तेव्हा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या अक्काचे आहेत. लातूरकडच्या आमच्या गावात भूकंप झाला, त्या पहाटे तिनं मला झोपेतून ओढत घराबाहेर आणलं. पुढं नांदेडला लोकांची धुणीभांडी करून तिनं मला लातूरच्या क्लासला घातलं. मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि कोकणात नोकरीला लागलो.

तिथल्या एका कोळी मित्राबरोबर एका रविवारी मी गळ घेऊन समुद्रात गेलो. दुपारी वारा फिरला. एका लाटेनं होडी हादरली, तसा मी उठलो आणि सरळ होडीच्या काठावर पाय ठेवला. हादरा बसला की बाहेर पळायचं, एवढंच आमच्याकडच्या माणसाच्या अंगात बसलेलं. मित्रानं सदरा धरून मला खाली पाडलं.

"कुठं निघालास, मेल्या? बाहेर काय जमीन आहे?"

"बाहेर," मी म्हणालो.

किनारा येईपर्यंत तो मला शिव्या देत होता. मला भीती वाटली नाही, वाचल्याचा आनंदही झाला नाही.

खोलीवर आल्यावर मी पत्र लिहिलं.

"अक्का, आज हादरा बसला म्हणून मी भर समुद्रात होडीबाहेर पडत होतो. मित्रानं धरलं म्हणून वाचलो. भूकंपापासून तू थंडीतही अजून घराबाहेरच झोपतेस, असं कळलं. दार उघडं ठेव, पण आत झोपत जा."