दोन गाण्यांमधली जागा

कुठल्याही मशीनजवळ गेला, की तो आधी तिच्यावर तळहात ठेवायचा. लेकराचा ताप बघतात तसा. मग डोळे मिटून म्हणायचा, "बोलून राहिलीय. ऐका जरा."

लातूरच्या माझ्या कॅसेटच्या दुकानात पहिल्यांदा आला, तेव्हा डेकवरही त्यानं असाच हात ठेवला होता. माणूस मूळचा नांदेडचा. लग्नाच्या बँडमध्ये की-बोर्ड वाजवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. वरातीच्या गाण्यांना तो विटला होता. टेपरेकॉर्डर घेऊन डाळ मिलमध्ये जाऊन बसायचा. चाळणीची खडखड, पट्ट्याची फटफट, मोटारीचा हुंकार टेप करायचा आणि त्याखाली की-बोर्डचे जाड सूर भरायचा. शब्द एकही नाही.

"मास्तर, हे ऐकणार कोण? मिलवाले?"

"मिलवाल्याला फुकट ऐकू येतं, भाऊ. त्याला कशाला इकू?"

आधी 'चाळणी' हे एकच गाणं असलेली कॅसेट निघाली, मग 'पट्टा'. शेवटी ही दोन्ही धरून अख्खा अल्बम, 'लोखंड'.

तुम्हाला खोटं वाटेल, पण कॅसेटी खपल्या. भूकंपाला फार दिवस झाले नव्हते. क्लासेससाठी गावोगावची पोरं लातुरात खोल्या करून राहत होती. 'चाळणी' लावली की शेजारच्याची बडबड ऐकू येत नाही, अभ्यास होतो, असा शोध कुणीतरी लावला. मास्तर खूश. "वरातीत पोरं नाचायची. आता माझ्या गाण्यावर फिजिक्स करून राहिलीत."

कोऱ्या कॅसेटी संपल्या. माझ्या कपाटात गाणी भरून घ्यायला ठेवलेल्या, आधी घरी काहीबाही टेप केलेल्या जुन्या कॅसेटींचा ढीग पडून होता. भूकंपातल्या गावांची गिऱ्हाइकं. न्यायला परत कुणी आलं नव्हतं. मी त्यांवरच 'लोखंड' भरलं. मास्तरला सांगितलं नाही. माझ्या डेकचा जुनं पुसणारा हेड झिजलेला आहे, हे मला ठाऊक होतं. पण एवढ्या खडखडाटाखाली कोण काय ऐकणार?

दोन गाण्यांमधल्या शांततेत ऐकू यायला लागलं. एका खोलीत म्हातारा खोकला. दुसऱ्या खोलीत कुणीतरी कोंबड्यांना हाका मारल्या. प्रत्येक कॅसेटीत वेगळं माणूस. पोरं टेप गोधडीत गुंडाळून ठेवायला लागली.

मग एक मुलगी मामाला घेऊन दुकानात आली. मास्तर तिथंच होता. तिनं कॅसेट लावायला सांगितली. 'चाळणी' थांबली. नुसती खरखर. आणि पार तळातून एक बाई म्हणाली, "चालू हाय का हे? काय बोलू, बया?" आणि हसली.

"माय हाय माझी," मुलगी म्हणाली. "ढिगाऱ्यातून काढली तवा मी हुते. हितं कशी आली?"

मामानं मास्तरची कॉलर धरली. "मेलेल्यांचे आवाज इकतोस व्हय रं?"

मास्तरनं माझ्याकडं पाहिलं. मी कॅसेटींची कव्हरं नीट लावत होतो.

त्यानंतर तो खोल्याखोल्यांतून कॅसेटी परत घेत फिरला. एकेक ऐकून, तो आवाज ओळखेल असं माणूस शोधत भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडांत गेला. लोकांनी कॅसेट हिसकावून घेतली आणि मग शिव्या दिल्या. बँडवाल्यांनी त्याला काढून टाकलं. यानं ढिगाऱ्यात माइक सोडला होता, असं आमच्या गल्लीत आजही सांगतात. ते खोटं आहे. आवाज माझ्या कपाटातून गेले होते.

नांदेडची गाडी धरायच्या आधी तो दुकानात आला. सवयीनं डेककडं हात नेला, पण ठेवला माझ्या छातीवर. डोळे मिटले.

"काय म्हणतंय, मास्तर?"

"काहीच बोलंना, भाऊ," तो म्हणाला आणि पिशवी उचलली.

पुन्हा तो दिसला नाही. डाळ मिलच्या जागी आता क्लासची इमारत आहे. 'लोखंड'ची पहिली प्रत, कोऱ्या कॅसेटीवर भरलेली, माझ्याकडं राहिली. कधीतरी लावतो. 'चाळणी' संपते, 'पट्टा' सुरू व्हायचा असतो. मी श्वास रोखून बसतो. तेवढ्यात एक म्हातारा खोकतो.

तो मीच असतो.