दुसऱ्याच्या मापाची स्की

मँचेस्टरच्या डॉक्टर अभय सबनीसने मला, म्हणजे मिल्टन कीन्सच्या दत्ता खटावकरला, स्वतःच्या जुन्या स्की विकून फसवलं. 'गैरसमज झाला', 'बोलायचं राहून गेलं' असलं काही नाही. फसवलं. प्रवासवर्णन डोंगर, धुकं आणि सूर्योदयाने सुरू करतात हे मला माहीत आहे. डोंगर पुढे येईल. आधी माणूस ओळखून ठेवा.

मी बार्शीच्या शिंप्याचा मुलगा. बायको भूलतज्ज्ञ, तिच्या नोकरीमुळे या देशात आलो. सुरुवातीला गॅरेजमध्ये एका मशीनवर ऑपरेशनचे गाऊन शिवले, आज बावीस माणसं माझ्याकडे शिवतात. मोजायचा टेप माझ्या खिशात कायम असतो, लग्नाला गेलो तरी. म्हणून मापाच्या बाबतीत मला कोणी गंडवणार नाही, असा माझा समज होता.

हे सगळं सुरू झालं सईमुळे. सई माझी मुलगी, तेव्हा सतरा वर्षांची. शाळेच्या ट्रिपमध्ये स्कीइंग शिकून आली होती आणि सप्टेंबरमध्ये कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत जाणार होती. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, एकदा माझ्याबरोबर वरून खाली ये ना. जस्ट वन्स. नंतर मी फ्रेंड्सबरोबर जाणार, मग तुला कोण नेणार?"

पोरीने आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. मी त्या हिवाळ्यात दर गुरुवारी मिल्टन कीन्सच्या त्या छताखालच्या बर्फावर जाऊन शिकलो. हो, आमच्या गावात छताखाली खरा बर्फ आहे. बाहेर पाऊस, आत बर्फ, आणि उतारावर सात-सात वर्षांची पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी सुळकन निघून जात. तिथे भाड्याने मिळायच्या त्या स्की माझ्या हनुवटीला टेकत. हे माप लक्षात ठेवा.

फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत स्कॉटलंडला जायचं ठरलं. बायकोची ड्युटी होती, म्हणून आम्ही बापलेकच. आणि मला अवदसा आठवली की स्वतःच्या स्की हव्यात.

शुक्रवारी पहाटे निघालो. पहिला थांबा मँचेस्टर, सबनीसचं घर. हा माझ्या बायकोचा जुना सहकारी, हाडांचा डॉक्टर, सहा फूट उंच, नव्वदच्या वर वजन. मला पहिल्या दिवसापासून 'टेलरमास्तर' म्हणतो. प्रेमाने, असं त्याचं म्हणणं.

"ये टेलरमास्तर!" त्याने गॅरेज उघडलं. स्की भिंतीवर आडव्या टांगल्या होत्या. लालभडक, फळीसारख्या रुंद. "ही खास पावडर स्की. कॅनडातून आणलीये."

पावडर म्हणजे रात्री पडलेला, कोणी न तुडवलेला भुसभुशीत बर्फ. त्यावर तरंगायला रुंद स्की लागते. रोजच्या, यंत्राने दाबलेल्या उतारावरची अरुंद स्की त्यात बुडते. इथपर्यंत सबनीस खरं बोलत होता.

"जरा लांब नाही वाटत?" मी विचारलं.

"पावडरमध्ये लांबच घ्यायची. जितकी लांब तितकी तरंगते. होडीसारखं असतं रे! आणि या आठवड्यात वर धो धो बर्फ पडतोय. तुझं नशीब."

त्याने किंमत सांगितली. मी निम्मी केली. तो म्हणाला, "चल, घे."

मी मंडईत वाढलेला माणूस. पहिल्याच बोलीला हो म्हणणाऱ्याचा माल उलटसुलट करून बघायचा असतो, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. पण घासाघीस जिंकली या आनंदात खिशातला टेप खिशातच राहिला. तेवढी चूक माझी, ती मी कबूल करतो. पुढची माझी नाही. सबनीसने माझा स्कीचा बूट मागून घेतला, स्क्रू-ड्रायव्हरने स्कीवरची टाचेची पकड पुढे सरकवली, बूट खटकन बसवून दाखवला. "परफेक्ट!" मग स्वतःच स्की पिशवीत घातल्या आणि गाडीपर्यंत आणून दिल्या. तेव्हा मला तो केवढा सौजन्याचा पुतळा वाटला होता!

स्की गाडीत मावेनात. डिकीपासून आम्हा दोघांच्या मधून थेट पुढच्या काचेपर्यंत आल्या. गिअर बदलताना दर वेळी माझं कोपर त्यांना लागे.

"बाबा, ही आपल्यामध्ये तिसरा पॅसेंजर आहे," सई म्हणाली. तिचं मराठी असंच, लिंगं इकडची तिकडे. बोलणं मात्र बिनचूक.

लेक डिस्ट्रिक्टजवळ मोटरवे चढाला लागतो, तिथे सर्व्हिसेसच्या थांब्यावर गाडीतच धपाटे खाल्ले, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. शेजारच्या गाडीतला म्हातारा आमच्या काचेतून बाहेर आलेला लसणाचा वास घेऊन इतका खूश झाला की त्याला एक धपाटा द्यावा लागला. पुढे स्कॉटलंडची हद्द, सईचा पाटीजवळ फोटो, मग पर्थनंतर दोन्ही बाजूंना पांढरे डोंगर. रस्त्याच्या कडेला हेदर (तिकडची काळपट, खुरटी झुडपं) बर्फातून डोकं काढून उभी. पोचेपर्यंत बर्फ भुरभुरायला लागला होता. रात्री पबमध्ये हॅगिस खाल्लं. मेंढीचं काळीज-फुप्फुस बारीक करून, ओट घालून, मिरपूड मारलेलं, बरोबर नीप्स (सलगमासारख्या कंदाचा लगदा). सईने नाक मुरडलं. मला आमच्याकडच्या वजडीची आठवण झाली आणि मी तिचंही संपवलं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. रात्रभर बर्फ पडला होता. स्कॉटलंडमध्ये असा दिवस वर्षातून किती वेळा येतो, असं तिकीट-खिडकीवरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "येतो, तेव्हा आम्ही सगळे आजारी पडतो आणि कामावर जात नाही." रुळांवरच्या गाडीने वर गेलो. समोर अख्खा उतार कोरा. पिंजलेला कापूस अंथरावा तसा, त्यावर एक रेघ नाही. खाली काळं पाईनचं जंगल, त्यापलीकडे गोठलेलं तळं. सईने माझा हातमोजा घट्ट धरला होता. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

"रेडी, बाबा?"

"रेडी."

तिने पहिलं वळण घेतलं आणि मागे एक सुंदर रेघ उमटली. मी निघालो. सरळ. स्की वळेनात. अंगातलं सगळं वजन टाकलं, तरी त्या दोन लाल फळ्या त्यांच्या मर्जीने जात राहिल्या. मी मागे झुकलो, एकीचं टोक दुसरीवर चढलं, आणि पडलो. पडणं मला नवीन नव्हतं. गुरुवारी मी दहादा पडत असे, आणि दर वेळी बूट स्कीतून सुटे. सुटायलाच हवा, पाय वाचावा म्हणूनच ती पकड केलेली असते. या वेळी सुटला नाही. स्की बर्फात रुतून राहिली, मी फिरलो, आणि मधे माझा डावा गुडघा होता.

सई परत वर चढून आली, धापा टाकत. "बाबा! हलू नको. तुझी नाक पांढरी झाली." तिने दोन्ही हातांनी माझी टाच दाबून पकड उघडायचा प्रयत्न केला. शेवटी स्कीच्या काठीचं टोक पकडीवर रोवून सगळा भार टाकला तेव्हा ती उघडली.

सरकत, लंगडत, पुन्हा त्या गाडीने आम्ही खाली आलो. गाड्या लावायच्या जागेजवळ भाड्याने स्की द्यायची एक शेड आहे. तिथली बाई, शीना, साठीची, हातात कायम एक कानस. तिने न विचारता गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधली, चहा दिला, आणि मग माझ्या स्कीकडे बघितलं.

"तुमचं वजन किती?"

"साठ किलो."

"किती दिवस स्की केलंय?"

"दहा-बारा गुरुवार."

"आणि कुठल्या बर्फावर?"

"छताखालच्या."

तिने स्की भिंतीला उभ्या टेकवल्या. मी पहिल्यांदाच त्या उभ्या बघत होतो. मी टेप काढला. एकशे अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. माझी उंची एकशे त्रेसष्ट. माझ्या डोक्यावर वीतभर उरून आणखी चार बोटं.

"हे तीन प्रश्न विकणाऱ्याने विचारले नाहीत?" शीनाने विचारलं.

"नाही."

मग तिने समजावलं, ते तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहितो. शिकाऊ माणसाने दाबलेल्या उतारासाठी हनुवटीपर्यंत स्की घ्यावी. पावडरची रुंद स्की थोडी लांब असते हे खरं, पण माझ्यासारख्या हलक्या माणसाला नाकापर्यंत पुष्कळ झाली, आणि ती मऊ, वाकणारी हवी. डोक्याच्या वर जाणारी कडक स्की फक्त दणकट आणि वर्षानुवर्षं स्की केलेल्या माणसाची. तरंगणं नुसत्या लांबीवर नसतं, स्कीवर उभ्या राहिलेल्या वजनावर असतं. नऊ नंबरचा बूट पाच नंबरच्या पायाला घातल्याने पाय जोरात धावत नाही.

मग ती वाकली आणि टाचेजवळच्या छोट्या खिडकीतला आकडा वाचू लागली. पकड किती जोर लागला की सुटावी, ते त्या आकड्याने ठरतं, आणि आकडा ठरतो वजनावरून.

"ही नव्वद किलोच्या धाडसी माणसासाठी लावलीये. तुमच्या बुटासाठी पकड नुकतीच सरकवलीये, स्क्रूवर ताजे ओरखडे आहेत. ज्याने सरकवली त्याच्या हातापासून हा आकडा दोन बोटांवर होता." मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "कोण होता हा?"

"हाडांचा डॉक्टर," मी म्हणालो.

ती हसली नाही.

मी सईला म्हणालो, "तू जा वर. मी बसतो इथे."

"तुला असं सोडून? नो वे." ती खिडकीशी बसून राहिली. वर एक एक माणूस येत होता आणि त्या कोऱ्या उतारावर रेघा मारत होता. अकराच्या सुमारास अर्धा उतार रेघांनी भरला. साडेअकराला वारा सुटला, बाराला उतारावर नेणाऱ्या लिफ्ट बंद झाल्या.

शीनाने मला एकशे पंचावन्नची जोडी दिली. "इथेच, दहा पावलं," म्हणाली. शेडसमोरच्या सपाटीवर मी दुखऱ्या गुडघ्याने दहा पावलं सरकलो आणि हलकंसं वजन टाकलं. स्की वळली. इतकी सहज वळली की मला संतापाने रडू आलं.

"इट्स फाइन, बाबा," सई म्हणाली. "पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी ती कार्डिफच्या मित्रमैत्रिणींबरोबर फ्रान्सला गेली. जायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो, त्यामुळे त्या रस्त्यावरची प्रत्येक चढण मला गुडघ्याने पाठ आहे. मँचेस्टरला सबनीसच्या दारात गाडी उभी केली. त्याच्या बायकोने, वृंदावहिनींनी, पोहे केले होते. माझं लंगडणं आणि सईच्या हातातल्या स्की त्यांनी एकदमच पाहिल्या.

"अगं बाई, या तुम्हाला दिल्या? अहो भाऊजी, या ह्यांना स्वतःलाच झेपल्या नाहीत! दोनदा आपटले, तेव्हापासून कुणाच्या गळ्यात बांधू म्हणत होते."

सबनीसने पोह्यांवर लिंबू पिळलं. "अरे, सेकंड-हँड मालात एवढं चालायचंच. आणि टेप तुझ्या खिशात होता ना, टेलरमास्तर?"

"पेशंट तुझ्याकडे टेप घेऊन येतो का?" मी विचारलं.

तो हसला. वृंदावहिनी हसल्या नाहीत. सईने न खाताच बूट घातले. मी त्या स्की त्याच्या दाराशी उभ्या टेकवल्या. त्याच्याही डोक्याच्या वर गेल्या.

आता हे आपल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येईल आणि अंक, सबनीस, तुझ्याही घरी पोचेल, म्हणून इथेच विचारतो. डॉक्टर, खुब्याचा सांधा बसवताना तू मिलिमीटर मोजतोस. एखादा माप न घेता बसवलास आणि पेशंट आडवा झाला, तर 'पेशंटने विचारलं नाही' हे उत्तर चालतं का? माझा गुडघा आता बरा आहे, त्याचं मी सोडून देतो. पण तो आकडा तुझ्यापासून दोन बोटांवर होता. तू बघितलास की नाही बघितलास? आणि माझी मुलगी ज्या उताराकडे खिडकीतून बघत बसली, त्याबद्दल तिला काय सांगू? उत्तर तिला दे, लेखी. पत्ता तुझ्याकडे आहे.