नळावरची तुराटी

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा दुर्ग स्टेशनवर आम्हाला घ्यायला नवऱ्याचा एक मित्र आला होता. तोही आमच्या नागपूरकडचाच, नवऱ्यासोबत पोलाद कारखान्याच्या बांधकामावर फिटर होता. त्यानं आधी ट्रंक उतरवून घेतली, मग वळकटी, आणि मग इकडेतिकडे पाहत म्हणाला, "अन् वहिनी कुठं आहेत गा? ट्रंकेमागं हरपल्या का?"

मी समोरच उभी होते. नवरा हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण पहिल्याच दिवशी तो हसला हे माझ्या मनातून कधी गेलं नाही.

आम्हाला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं होतं. क्वार्टरांची अर्धी लाइन उभी राहिलेली, अर्धीच्या नुसत्या पायाच्या भिंती. खिडकी उघडली की लाल माती घरात. माती भातावर बसायची, अंथरुणावर बसायची, धुतलेल्या कपड्यांवर बसायची. घरात नळ अजून आला नव्हता. लाइनीच्या कोपऱ्यावर एक नळ होता आणि सकाळी सगळ्या बाया तिथं जमायच्या. बंगाली, तेलुगू, पंजाबी, मल्याळी, छत्तीसगढी. कोणाची भाषा कोणाला येत नसे. पण मी घागर घेऊन पोचले की सगळ्यांना बोलायला एक विषय मिळायचा. दुकानात मीठ कसं मागायचं ते मला कळलं नव्हतं, त्याच्या आधी 'वाळकी' याला कोणत्या भाषेत काय म्हणतात ते कळलं.

शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू आमच्याच भागातल्या. त्यांचे यजमान क्रेन चालवायचे. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. त्यांनी मला नावच ठेवलं, तुराटी. तूर झोडपून झाली की जी वाळकी काडी उरते, ती.

"काऊन वं तुराटे, आजबी वाऱ्यानं उडाली नाही वाटते?" त्या लांबूनच हाक द्यायच्या. जवळ गेलं की मनगट धरायच्या, बांगडी कोपरापर्यंत सरकवून दाखवायच्या. "पाहा वो बाई, पाहा. नवरा काही खाऊ घालते का नाही तुले?"

मी खात होते. हे कोणाला पटायचं नाही म्हणून सांगते, मी नवऱ्यापेक्षा जास्त खात होते. भात, वरण, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर पुन्हा भात. माझी आई अशीच होती. आमच्या घरी बायांच्या अंगाला काही लागतच नसे आणि त्याचं कोणाला काही वाटतही नसे. लग्नाआधी मी वाळकी आहे हे मला माहीत होतं, पण ती बातमी आहे हे माहीत नव्हतं.

काकूंचा जीव होता माझ्यावर. लसणाची चटणी वाटली की वाटीभर आणून द्यायच्या. वाटी हातात देताना मात्र म्हणायच्या, "घे, चार हाडं तरी झाकतीन." मी वाटी घेऊन आत यायची आणि चटणी कडू लागायची.

घरात बसवत नसे. नवरा पाळीवर गेला की मी दाराला कडी लावून निघायची. कुठं जायचं ठरलेलं नसे. कधी कारखान्याच्या चिमण्या उभ्या होत होत्या तिकडे, कधी खुर्सीपारकडे, जिथं ठेकेदाराचे मजूर चटयांच्या झोपड्या घालून राहत होते. रोज काही नवीन उभं व्हायचं, रस्ता कालच्या जागी सापडायचा नाही. तेवढा वेळ माझ्याकडे कोणी पाहत नसे, सगळे वर लोखंडाकडे पाहत. पण तेही लाइनीत कळलं. "फिरते म्हणून वाळते," असं ठरलं.

एकदा बाजारात एक रशियन बाई भेटली. कारखान्यासाठी आलेल्या इंजिनिअरांच्या बायका टोपल्या घेऊन भाजीला यायच्या. ती गोरी, थोराड बाई माझ्याजवळ थांबली, हसली, दोन्ही गाल फुगवून दाखवले, मग करंगळी उभी करून माझ्याकडे बोट केलं. तिच्या टोपलीतलं एक केळं काढून माझ्या हातात ठेवलं. भाजीवाली पोट धरून हसली. भाषा येत नसलेलीसुद्धा हेच सांगून गेली. केळं मी वाटेत एका बकरीला दिलं.

त्यानंतर मी दोन परकर घालायला लागले. लुगड्याला घट्ट कांजी करायची, म्हणजे ते अंगापासून फुगून उभं राहायचं. ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत शिवून घेतल्या. आरशात थोडी बरी दिसायची, किंवा मला तसं वाटायचं. थंडीत ते निभलं. मग उन्हाळा आला. तिथला उन्हाळा म्हणजे वर सूर्य, खाली तापलेली माती. मी दोन परकर सोडले नाहीत.

मे महिन्यात नळाला पाणी कमी आलं. रांग लांब झाली. मी घागर धरून उभी होते, डोळ्यांपुढं आधी पिवळं आलं, मग काळं. शुद्धीवर आले तेव्हा काकूंच्या मांडीवर डोकं होतं आणि त्या पदरानं वारा घालत होत्या. आजूबाजूला बाया. दोन परकर कोणाला दिसले नाहीत. त्यांना वाळकी बाई चक्कर येऊन पडलेली दिसली.

दुपारपर्यंत लाइनीत दोन बातम्या झाल्या. एक, मला दिवस गेले. दुसरी, मला छातीचा रोग आहे. पहिली महिनाभरात आपोआप खोटी ठरली. मग दुसरीच उरली.

त्या काळी छातीचा रोग म्हणजे माणूस गेल्यातच जमा. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. नळावरची थट्टा एकदम बंद झाली. मी आले की घागरी जरा बाजूला सरकायच्या. ओट्यावर खेळायला येणारी पोरं यायची थांबली. मला वर्षभर हेच हवं होतं, कोणी काही बोलू नये. आता कोणी बोलत नव्हतं आणि मला रात्रंदिवस धडकी भरायची. मी स्वतःचा खोकला मोजायला लागले. मातीनं खोकला सगळ्यांनाच होता.

एका दुपारी नवरा पहिल्या पाळीवरून आला. त्याला पाणी द्यायला गेले तर फळीवर माझा गिलास नव्हता. तो खाली, चुलीच्या बाजूला, एकटा पालथा ठेवलेला.

"माझा गिलास कोणी ठेवला इथं?"

तो बूट काढत होता. मान वर केली नाही. "मीच ठेवला सकाळी. तो म्हणे, दवाखान्यात दाखवेपर्यंत भांडे वेगळे असलेले बरे."

"कोण म्हणे?"

त्यानं मित्राचं नाव घेतलं. तोच, स्टेशनवरचा.

"मंग दवाखान्यात दाखवा," मी म्हटलं. "आत्ता चला."

"आत्ता? जेवू तं दे."

"जेवून काय करता? चला."

तो उठला. बूट पुन्हा घातले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठ ठोकली, छातीचा फोटो काढायला लावला. दोन-तीन फेऱ्या झाल्या. शेवटी ते नवऱ्याला म्हणाले, "फेफड़े बिलकुल साफ हैं. ये ऐसी ही हैं. दुबली हैं, बीमार नहीं हैं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गर्मी में इतने कपड़े मत पहना करो."

घरी आल्यावर नवऱ्यानं माझा गिलास उचलला, त्यातच पाणी ओतून घटाघटा प्यायला आणि फळीवर ठेवला. मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. त्याला माफी मागता येत नव्हती आणि मला ते पाणी पिणं पुरत नव्हतं.

लाइनीत मात्र ती बातमी कोणी नेली नाही. रोग आहे ही गोष्ट एका सकाळीत पसरली होती. रोग नाही ही गोष्ट ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

त्यातच सासूबाई आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सासरे रेल्वेत, गोंदियाच्या बाजूला, त्यामुळे त्यांना येणं अवघड नव्हतं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की सून वाळून चालली आणि लोक म्हणतात सासरचे खाऊ घालत नाहीत. त्या डिंक, खारका, तूप घेऊन उतरल्या. रोज माझ्यासमोर पाट मांडून बसायच्या. ताट रिकामं होईपर्यंत उठायच्या नाहीत. "आनखी एक. हे सोडू नोको. थे तूप कोन खाईल?" मी घास गिळायची आणि मागच्या दारी जाऊन कधीकधी सगळं बाहेर पडायचं. वजन तिळभर वाढलं नाही. नळावर जशी सगळ्यांची नजर, तशी आता घरातही होती. बाहेर फिरायला जाणंही त्यांनी बंद केलं.

अशात काकूंच्या लेकीच्या बाळाचं बारसं आलं. लेक बाळंतपणाला आईकडे आली होती. आमच्यातली जी घरं सेक्टरमध्ये होती ती सगळी बोलावली. आधी त्रिशरण, पंचशील झालं, मग पाळणा. मी आत्याबाईंसोबत गेले. गाणं म्हणायला माझा आवाज बरा म्हणून काकूंच्या लेकीनंच बाळ माझ्या हातात दिलं. गरम, जड बाळ होतं. मी गाण्याची पहिली ओळ म्हटली असेल नसेल, तेवढ्यात बाळाच्या बापाकडची एक बाई पुढं आली आणि माझ्या हातातून बाळ काढून घेतलं.

"तिच्याजवळ नोको देऊ," ती काकूंच्या लेकीला म्हणाली. हळू म्हणाली, पण गाणं थांबलेलं होतं.

माझे हात तसेच राहिले, बाळ धरल्यासारखे. मी काकूंकडे पाहिलं. त्या पाळण्याच्या दोरीकडे पाहत होत्या.

मी काय बोलले ते मला जवळजवळ शब्दाशब्दानं आठवतं, कारण तेवढं मोठ्यानं मी आधी कधी बोलले नव्हते.

"माझ्या छातीत काही नाही. डॉक्टरनं पाहिलं, फोटो काढला, काही नाही. कोनी विचारलं का मले? वर्षभर तुमी सगळ्या मले सांगून राहिल्या मी कशी दिसतो. माझ्या घरी आरसा आहे. मले दिसते. काकू, तुमी मले पोरीसारखं मानता, मंग तुमच्या पोरीचं मनगट धरून कधी चारचौघीत दाखवलं का?"

मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं नाही. बाहेर निघून जावं असं फार वाटलं. पण गेले असते तर पुन्हा माझीच बातमी झाली असती. मी पंगतीच्या जागी जाऊन बसले. वाढायला सुरुवातच झाली नव्हती. एकटी बसून राहिले. थोड्या वेळानं काकूंची लेक आली. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "वहिनी, गानं अर्धंच राहिलं."

मी म्हटलं. आवाज फाटत होता, तरी म्हटलं.

परत येताना आत्याबाईंनी आधी पदर नीट खोचला. मग म्हणाल्या, "बोलली थे बरं केलं. आवाज थोडा कमी चालला असता."

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमीबी तेच करता. रोज. ताटापुढं बसून."

त्या थांबल्या. रस्त्यात खडीचे ढीग पडले होते, त्यांचा पाय घसरला, मी दंड धरला. "मले वाटे," त्या म्हणाल्या, "सारे माह्याकडेच बोट दाखवून राहिले. का मीच तुले उपाशी मारतो म्हनून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ताट वाढलं आणि झाडू घेऊन बाहेर ओटा झाडायला गेल्या. ओटा सकाळीच झाडलेला होता. मी एकटी जेवले. दोन भाकरी, भात, ताक. काहीच बाहेर पडलं नाही.

नळावर काकू भेटल्या. मी जपून उभी होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग म्हणाल्या, "आज पानी लवकर आलं वाटते." मी "हाव" म्हटलं. पुढं कितीतरी दिवस आम्ही पाण्याबद्दलच बोललो, कारण दुसरं काय बोलायचं ते दोघींनाही सुचत नव्हतं. मग हळूहळू त्यांच्या गुडघ्यांबद्दल, लेकीच्या सासरबद्दल. तुराटी हे नाव मात्र त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

सगळं थांबलं असं नाही. त्या हिवाळ्यात खुर्सीपारला मजुरांच्या पोरांसाठी बालवाडी निघाली आणि मी तिथं शिकवायला जायला लागले. नवरा म्हणाला, थकशील. मी म्हटलं, बसून जास्त थकतो. पहिल्याच आठवड्यात एक आई पोराला सोडायला आली. डोक्यावर विटांची पाटी वाहणारी बाई, माझ्याइतकीच वाळकी. मला खालून वर पाहिलं.

"बाई, तुम खाती नहीं क्या?"

माझा हात आपसूक बाही मनगटापर्यंत ओढायला गेला. वाटलं होतं, ती सवय गेली.

"खाती हूँ," मी म्हटलं. "खूब खाती हूँ. लड़के का नाम बताओ."

तिला त्यात काही वाटलं नाही. तिनं पदरानं पोराचं नाक पुसलं, नाव सांगितलं आणि विचारलं, छुट्टी कितने बजे होगी.