लाल नळाचं पाणी

रत्नप्रभाच्या नाकावर राग असतो, असं कतारच्या दोह्यातल्या मराठी मंडळींत बोललं जायचं. बोलणारे बहुतेक तेच, ज्यांनी तो राग स्वतःच्या कर्माने ओढवून घेतला होता. दूध नासलं किंवा पाहुणे न सांगता आले म्हणून ती कधी चिडली नाही. तिला खोटं चालत नसे, आणि खोटं करून वर गोड हसणारा माणूस तर डोळ्यांसमोर नको असे. अशा बाईने कंपनीत नोकरी करू नये खरं तर. पण तिने केली, आणि जीव लावून केली.

ती मूळची वेंगुर्ल्याची. नवरा सुशांत गॅस कंपनीत इंजिनिअर, मुलगी आर्या शाळेत. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. घर उम्म सलाल मोहम्मदला. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला तशी किनाऱ्यावर जिकडेतिकडे कामं निघाली. पाहुण्यांना चौपाटी हवी, चौपाटीला भिंत हवी, भिंतीला पाण्याखालचं बांधकाम हवं. सुशांतचा कॉलेजातला मित्र संजीव असल्याच एका कामावर प्रोजेक्ट मॅनेजर होता. त्याने रत्नप्रभाला कंट्रोल रूममध्ये लावून घेतलं. घरी ती त्याला संजीवभावजी म्हणायची, ऑफिसात सर.

काम असं, की रोज सकाळी वायरलेसवरून बोटींना आणि डायव्हरांना समुद्राचा हालहवाल सांगायचा. हिंदीतून, कारण बोटींवर केरळपासून बांगलादेशापर्यंतचे सगळे. हवा कितनी, लहर कितनी, पानी कितना. पानी कितना म्हणजे किती गरम. शेवटी ती 'खलास' म्हणायची, आणि एकेक बोट 'सुन लिया मॅडम' म्हणून उत्तर द्यायची. कोणाला तिचं नाव ठाऊक नव्हतं. ती पानीवाली मॅडम.

पाण्याचा आकडा सांगायचा नियम तिनेच भांडून करून घेतला होता. त्याआधी सगळ्या ऑफिसची ठाम समजूत, की पाण्यात उतरणाऱ्याला कसला आलाय उन्हाळा. जून लागला की भर दुपारी उन्हातली कामं बंद ठेवतात, तेव्हा डायव्हरांकडे बघून लोक म्हणायचे, तुमची बुवा मजा आहे. कसली डोंबलाची मजा. अंगावर जाड सूट, कमरेला वजनं, हातात यंत्र, आणि भोवती कढत पाणी. जमिनीवरच्या माणसाला निदान घाम येतो आणि वाऱ्याने तो वाळतो. पाण्यात घाम जाणार कुठे? तीनेक वर्षांपूर्वी जूनमध्ये डायव्हरांचा मुकादम युसुफ याला वर ओढून काढला, तेव्हा तो बरळत होता आणि त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. ऑफिसात दोघंतिघं हसले. पाण्यात बुडून उष्माघात कसा होईल म्हणे. रत्नप्रभाने त्या दिवशी जी काही तोंडं बंद केली, त्याची कंपनीत बरेच दिवस चर्चा होती. मग नियम झाला: पाणी बत्तीस अंशांच्या वर गेलं की डायव्हर अर्धीच पाळी करणार, आणि दर खेपेनंतर थंड केबिनमध्ये बसणार.

युसुफ दाभोळचा. वायरलेसवर दोघं हिंदी बोलायची, पण जेट्टीवर भेटला की तो तिला 'बाय' म्हणायचा आणि गावची बोली सुरू करायचा. त्या उष्माघातानंतर त्याला डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, की पुन्हा असं झालं तर या वेळेसारखा वाचशीलच असं नाही. पण घरी खाणारी तोंडं होती आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं. त्याचा सगळा भरवसा त्या सकाळच्या आकड्यावर.

आता एक गोष्ट तिथे राहणाऱ्यांनाच कळेल. मे महिना उतरणीला लागला, की दोह्यातल्या घराघरांत गीझर बंद होतो. गच्चीवरची टाकी इतकी तापते की साध्या निळ्या नळाला हात लावायची सोय नसते. मग गीझरचं बटण बंद ठेवायचं आणि त्यातलं पाणी घरातल्या एसीत निवू द्यायचं. अंघोळीला लाल नळ सोडायचा, थंड पाणी तिथे येतं. नव्या माणसाला पहिल्या उन्हाळ्यात हे सांगावं लागतं, नाहीतर बिचारा निळा नळ सोडून पोळतो. रत्नप्रभाच्या एक गोष्ट लक्षात आली होती. दरवर्षी ज्या आठवड्यात घरचा गीझर बंद व्हायचा, त्याच आठवड्यात समुद्राचा आकडा बत्तीस ओलांडायचा.

त्या वर्षी गीझर बंद होऊन बरेच दिवस झाले. सकाळी गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरू लागली, वारा पडला, समुद्र तेलासारखा सपाट झाला. आणि समुद्रातल्या यंत्रावरून कंट्रोल रूमच्या पडद्यावर येणारा आकडा रोज तीस. तीस, फार तर साडेतीस. ती रोज वाचत होती, बोटी रोज ऐकत होत्या, आणि डायव्हर पूर्ण पाळी करत होते. 'सुन लिया मॅडम' म्हणणारे आवाज हळूहळू कोरडे पडले. दोन बोटींनी तर उत्तर देणंच सोडलं.

एका सकाळी जेट्टीवर युसुफ समोर आला. डोळे लाल, ओठ फुटलेले. नेहमीसारखा हसला नाही.

"बाय, तुमी रोज सांगताव तां पानी खंय हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजे आमी उतरतांव तां पानी न्हाय तां. काल दोन पोरांका ओकाऱ्या झाल्या. पोरां म्हनतत, मॅडमनी पन खाल्लान."

रत्नप्रभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे खाल्ले, असं पोरं म्हणत होती. पोरांवर तिला राग आला नाही. त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती. ती तडक पायऱ्यांकडे गेली, जिथून डायव्हर पाण्यात उतरतात. पाणी मोजायचं यंत्र तिथेच टांगलेलं असायचं. आता तिथे नुसता हुक होता. केबल जेट्टीच्या कठड्याला बांधून पार टोकापर्यंत नेली होती, आणि तिथून खाली सोडली होती, मोठ्या बोटींसाठी खोल खणलेल्या भागात. तळाशी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरचं पाणी तापतं, खोलातलं अजून गारच असतं, हे वेंगुर्ल्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

"ये किसने किया?" तिने तिथल्या फोरमनला विचारलं.

"संजीव सर ने बोला मॅडम. अप्रैल में." तो दुसरीकडे बघत म्हणाला.

म्हणजे तिला कोणी खोटं बोलायला सांगितलंच नव्हतं. ती रोज खरा आकडा वाचत होती, आणि तो खरा आकडा तिच्या तोंडून खोटा होत होता. आवाज तिचा, शब्द तिचा, आणि भाजत होती ती पोरं. यापेक्षा त्याने सरळ येऊन खोटं बोला वहिनी म्हटलं असतं तर तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. ती भांडली असती आणि मोकळी झाली असती.

ती संजीवला शोधत ऑफिसात गेली, तर तो दिवसभर मीटिंगला बाहेर. फोन उचलेना. तिने कंट्रोल रूमच्या प्रमुखाला सांगितलं, त्याने हात वर केले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. आणि शुक्रवारी संध्याकाळी संजीवच्याच घरी, अल हिलालला, मंडळींचं जेवण.

"तिथे विषय काढू नकोस," सुशांत गाडीत म्हणाला. "रविवारी ऑफिसात बोल. त्याच्या घरी जेवायला चाललोय आपण."

"जेवायला तू चाललायस," ती म्हणाली.

संजीवचं घर हसतंखेळतं. बायको अंतरा हौशी. आमरस, पुऱ्या, कुरडया, सगळं साग्रसंगीत. रत्नप्रभा हात धुवायला बेसिनपाशी गेली, तशी अंतरा स्वयंपाकघरातून लगबगीने आली. "अहो, तो नळ नको, हात भाजेल. लाल सोडा, लाल. आम्ही केव्हाच गीझर बंद केला. यांना अंघोळीला जरासुद्धा कोमट चालत नाही."

दिवाणखान्यात हशा पिकला. लाल नळाचा विनोद दरवर्षीचाच होता. संजीवही हसला.

रत्नप्रभाने निळा नळ सोडला. तिथला स्टीलचा तांब्या भरला, पदराने धरून बाहेर आणला, आणि संजीवसमोर आमरसाच्या वाटीशेजारी ठेवला.

"भावजी, हात घाला यात."

"काय वहिनी, काय नवीन खेळ?"

"घाला ना. पाण्यात असल्यावर गरम कसलं होतंय?"

संजीवचं हसू जागच्या जागी राहिलं. मग त्याने ते पुन्हा नीट लावलं. "वहिनी, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय, पाण्याचं तापमान साइटवर मोजायचं. जेट्टीचं टोक साइटच आहे. मी काही बेकायदा केलं नाही. नोव्हेंबरात जग येणार आहे इथे. अर्ध्या पाळीत ती भिंत उभी राहील का? तुम्हीच सांगा."

"नाही राहणार," ती म्हणाली. "मग तसं वर सांगायचं. सांगायची हिंमत नव्हती म्हणून यंत्र तळाला बुडवलंत, आणि माझ्या तोंडून वदवलंत. तुमच्या अंगाला कोमट पाणी चालत नाही, आणि युसुफ त्या कढत पाण्यात पूर्ण पाळी भरतोय. त्याला परत झटका आला तर दाभोळला फोन कोण करणार आहे? तुम्ही?"

अंतरा पुऱ्यांचं ताट घेऊन उभीच राहिली. सुशांतने टेबलाखालून रत्नप्रभाचा हात दाबला, तिने तो झटकला. "इन्शाल्ला, बघू रविवारी," संजीव म्हणाला. त्या देशात या शब्दाचा अर्थ माणसागणिक बदलतो, आणि संजीवच्या तोंडी त्याचा अर्थ नाही असाच असायचा. ती न जेवता निघाली.

रविवारपर्यंत ती थांबणार नव्हती, कारण शनिवारी साहेबांची सुट्टी असली तरी डायव्हर उतरणार होते. घरी येऊन तिने औषधांचा डबा उपसला आणि आर्याचा तापाचा थर्मामीटर पर्समध्ये टाकला.

"Mama, that's for people," आर्या म्हणाली.

"माणसांसाठीच नेतेय."

त्या थर्मामीटरची एक खोड होती. बत्तिसाच्या खाली तो आकडा दाखवतच नाही. शनिवारी सकाळी ती आधी पायऱ्यांवर गेली, बादलीला दोरी बांधून डायव्हर उतरतात तिथलं पाणी काढलं आणि त्यात तो बुडवला. आकडा आला. चौतीस. तिने पुन्हा पाणी काढलं, पुन्हा चौतीस. मग वर कंट्रोल रूममध्ये जाऊन माइक हातात घेतला.

"हवा कुछ नहीं. लहर कुछ नहीं. मशीन का पानी तीस, मशीन गहरे में है. सीढ़ी का पानी चौतीस, अभी बालटी से नापा. तुम लोग सीढ़ी से उतरते हो. खलास."

चॅनेल सगळ्यांसाठी उघडं होतं. काम करवून घेणाऱ्या मालकांचा इन्स्पेक्टरही तेच ऐकायचा. मग त्याचा आवाज आला, त्याने आकडा पुन्हा सांगायला लावला. तिने सांगितला. त्या दिवशी अर्धी पाळी झाली.

संजीव दुपारी आला. आवाज चढवला नाही. तेवढं तरी केलं असतं तर बरं झालं असतं. तापाचा थर्मामीटर हे अधिकृत उपकरण नाही, असं त्याने इन्स्पेक्टरला कळवलं होतं. उद्यापासून समुद्राचा हाल कॉम्प्युटर आपोआप वाचेल, आणि वहिनींनी स्टोअर सांभाळावं. "तुमच्या तब्येतीलाही बरं," तो म्हणाला. रत्नप्रभाला त्या क्षणी त्याच्या डोक्यात बादली घालावीशी वाटली. पण बादलीची उद्या गरज होती.

रविवारी ती स्टोअरमध्ये जाऊन बसली. पत्र्याची खोली, दोर, बूट, हातमोजे, आणि एका फळीवर साइटवरचे सगळे वॉकीटॉकी ओळीने चार्जिंगला लावलेले. संजीव हुशार माणूस, पण स्टोअरमध्ये काय असतं हे बघायला तो आयुष्यात कधी तिथे आला नसणार.

वेळ झाली. फळीवरच्या वॉकीटॉकीतून कॉम्प्युटरमधली बाई गुळगुळीत इंग्रजीत बोलली. वारा, लाट, पाणी तीस. बोटींनी उत्तर दिलं नाही. मग एक आवाज आला, युसुफचा, दमलेला.

"पानीवाली मॅडम. आज का पानी?"

कोणी उत्तर देईना, तशी दुसऱ्या बोटीने तेच विचारलं. मग तिसऱ्या, आणि ज्यांनी उत्तर देणं सोडलं होतं त्या दोन्हीही. मॅडम, पानी? सुपरवायझर मध्येच ओरडला, यल्ला, उतरो, काम शुरू करो. कोणी उतरल्याचा आवाज आला नाही.

रत्नप्रभाने फळीवरचा एक वॉकीटॉकी उचलला, दुसऱ्या हातात बादली घेतली आणि पायऱ्यांकडे चालू लागली. राग अजून तसाच होता, कानशिलं तापली होती. संजीव ऑफिसच्या काचेतून बघत होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पायरीवर युसुफ सूट घालून बसला होता, पाय पाण्याबाहेर. तिने त्याच्या पायापाशीच बादली सोडली, भरून वर घेतली, थर्मामीटर बुडवला आणि तो वाजेपर्यंत थांबली. मग बटण दाबलं.

"चौतीस," ती म्हणाली. "खलास."

युसुफने वाकून बादलीत कोपरापर्यंत हात घातला. मग आपला वॉकीटॉकी तोंडाशी नेला, आणि ज्या चॅनेलवर बोटींवरचं कोणी कधी हिंदीशिवाय बोललं नव्हतं, त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला,

"होय बाय. ह्यांच आमचां पानी."

आणि त्याने कमरेची वजनं सोडून पायरीवर ठेवली.