चिमूटभर पापडखार

केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. लागतो तेव्हा दिसत नाही, धुतल्यावर तपकिरी उमटतो. माझ्या वडिलांचा डाग नसलेला शर्ट मी पाहिलेलाच नाही. ते बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूर-शाहपूर पट्ट्यात केळी कापणाऱ्या टोळीत होते. घड कापायचा, खांद्यावर घ्यायचा, बागेतून चिखल तुडवत ट्रकपर्यंत आणायचा. माय घरी बसून लोकांच्या उडदाच्या पिठाचे पापड लाटायची, किलोवर मजुरी. उन्हाळाभर पापडखाराने तिची बोटं सोलून निघायची. भाजीतलं मीठ झोंबायचं म्हणून ती भाकरी नुसती खायची आणि आम्हाला सांगायची, मले कोरडीच आवडते.

आमच्या घराण्यात, आईकडून आणि वडिलांकडूनही, कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले. फूड टेक्नॉलॉजीत बीएस्सी झाले. हे मी जरा मोठ्यानेच सांगते.

डिग्रीनंतर मी आमच्या बहादरपूर गावातल्याच महिला समूहाच्या, म्हणजे बचत गटाच्या, युनिटमध्ये क्वालिटीचं काम धरलं. लोणची, पापड, केळीचे वेफर्स असा माल होता. पापडाचं टेबल मायच्या ताब्यात. म्हणजे घरी ती मला सांगायची आणि युनिटमध्ये मी तिला. दोघींनाही ते जड जायचं.

त्या वर्षी नीलेशभैया नावाचा एक तरुण युनिटमध्ये आला. बुऱ्हाणपुरात शनवारा भागात तो कॅफे काढणार होता. त्याला पिझ्झावर लावायचा सॉस हवा होता.

"मॅडम, बाजारवाला सॉस सगळीकडे एकसारखाच लागतो," तो म्हणाला. "मला असा पाहिजे की खानेवाला विचारेल, ये कहाँ से लाए?"

सुशीलाताई आमच्या समूहाच्या अध्यक्षा. त्या मागून म्हणाल्या, "जिलेबी-मावा खाणारं गाव आपलं. पिझ्झा खाईल का रे भाऊ?"

"दोनों खाएगा, मौसी. पहले पिझ्झा, बाद में जलेबी."

काम मी घेतलं. युनिटच्या मागे विहिरीजवळ चार वाफे होते, तिथे मी सॉससाठी पाला लावला. त्या इटालियन पिझ्झातलं बेसिल म्हणजे आपला सब्जा, ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो. पहिल्या दिवशी बायकांनी मला घेरलंच. "तुळस शिजवतेस का व?" मग पान चुरगाळून वास दिला, तेव्हा पटलं. ऑरेगॅनोच्या जागी मी ओव्याची जाड पानं घेतली, ज्यांची आपण भजी करतो. कंपनीचा ऑरेगॅनो नाही, पण वास त्याच घरातला. बाकी टोमॅटो, लसूण, कांदा, तेल, मीठ.

पहिली बॅच चांगली झाली. बॅच म्हणजे एका वेळी शिजवलेला सगळा माल. पण आठवड्याने नीलेशभैया बाटली घेऊन परत आला.

"स्वाद बढिया. पण ये काला-काला क्या है? लोक म्हणतील कचरा पडला. और थोडा खट्टा भी है."

काळं होतं ते सब्जाचं पान. आंबटात हिरवं पान टिकत नाही. मी पानं शेवटी घालून पाहिली, कमी घालून पाहिली, आधी गरम पाण्यातून काढून पाहिली. चार दिवसांत पुन्हा काळी. माय हे सगळं पापडाच्या टेबलावरून पाहत होती. एकदा म्हणाली, "इतकं शिकली अन् पान हिरवं नाही ठेवता येत?" मी पुढचं पातेलं चढवलं.

दुसरी बॅच झाली त्या दिवशी मला लायसन्सच्या कागदांसाठी बुऱ्हाणपूरला जावं लागलं. रेसिपी लिहून दिली, मोजमाप काढून दिलं आणि गेले. परत आले तोवर नीलेशभैयाची गाडी चोवीस बाटल्या घेऊन गेली होती. मी तपासल्याशिवाय माल हलवायचा नाही, हा नियम माझ्या डोक्यात होता. कागदावर नव्हता. ती चूक माझी.

मी मागे ठेवलेलं सॅम्पल तपासायला हवं होतं. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या आम्ही ठेवून घेतो, पुढे तक्रार आली तर पाहायला. पण मी म्हटलं, रेसिपी तीच आहे, उद्या पाहू. त्या उद्याचे चार दिवस झाले.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, कमाल कर दी! एकदम हिरवंगार पान आणि खट्टा भी नहीं. यही वाला चाहिए. परसों ओपनिंग आहे, सगळ्यांनी यायचं!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुशीलाताईंनी माझी पाठ थोपटली. माय खाली मान घालून पापड लाटत होती, पण तिच्या गालावर हसू होतं. मीही मिनिटभर खूश झाले. मग विचार आला, चार दिवसांनंतर हिरवंगार? मी तर काहीच बदललं नव्हतं.

ठेवलेली बाटली काढून उजेडात धरली. पान खरंच हिरवं होतं. मी पीएच मीटर लावला.

पीएच म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा. साधं पाणी सातच्या आसपास. आकडा जितका खाली, तितका पदार्थ आंबट. बंद बाटलीतल्या सॉसचा आकडा ४.६ च्या खालीच लागतो, आणि आम्ही तो त्याहून बराच खाली ठेवतो. कारण काही जंतू असे असतात की त्यांना हवा नकोच असते. बंद बाटली म्हणजे त्यांचं घरच. ते विष तयार करतात, आणि त्याला कधी कधी ना वास असतो ना चव. त्यांना अडवणारा पहारेकरी म्हणजे आंबटपणा.

मीटरने ५.१ दाखवलं. मी मीटर धुतला, पुन्हा जुळवला, दुसरी बाटली उघडली. ५.१.

मी टेबलांपाशी गेले. "दुसऱ्या बॅचच्या सॉसमध्ये रेसिपीबाहेरचं कुणी काय घातलं?"

लाटणी थांबली.

"मी," माय म्हणाली.

"काय?"

"चिमूटभर पापडखार."

"एवढ्या पातेल्याला चिमूटभर?"

"पातेलं केवढं होतं? त्याच्या मानानं चिमूट."

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. "पण काहून घातलं, माय?"

"तुले जमत नव्हतं म्हून. पालक हिरवा राहावा म्हून चिमूटभर सोडा टाकतो का नाही आपण? तसंच. आंबटही मोडलं. अन् त्याले आवडलं ना? आत्ता फोनवर बोलला तो."

तिचं बोलणं खरंच होतं. खार आंबटपणा मारतो, आणि आंबटपणा मेला की पान हिरवं राहतं. मला जे जमलं नव्हतं ते तिने एका चिमटीत केलं होतं. फक्त पहारेकऱ्याला घरी पाठवून दिलं होतं.

सुशीलाताईंनी मला बाजूला घेतलं. "हे बघ पोरी. त्याला आवडलंय. परवा त्याचं ओपनिंग. पुढच्या वेळी नको घालू खार. एवढं जाऊ दे."

"नाही जाऊ देता येत, ताई. सगळ्या बाटल्या परत आणाव्या लागतील."

"आणल्या तर ऑर्डर गेली समज. बाहेरचं पहिलं मोठं काम आहे हे. कुणाला काही झालंय का?"

"अजून नाही."

त्या 'अजून'वर ताईंनी वाद सोडला. मग म्हणाल्या, "जा. गाडी कर."

मी रिकामे क्रेट गाडीत ठेवत होते, तेवढ्यात माय बाहेर आली. हातावरचं पीठ तसंच. "त्याले माहं नाव सांगशील?"

"नाही. युनिटचं सांगीन."

"मग मी येते," ती म्हणाली आणि गाडीत बसली. बहादरपुराहून शनवाऱ्यापर्यंत ती बोटांवरचं पीठ काढत राहिली.

कॅफेत रंगकाम चाललं होतं. नीलेशभैया शिडीवरून उतरला, मायच्या पाया पडला. मी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, मजाक करताय का? परसों ओपनिंग है! मी स्वतः खाल्लाय. मम्मी को भी खिलाया."

"ताजा खाल्ला, भट्टीत तापवून खाल्ला, म्हणून निभावलं. ही बाटली महिनाभर तुमच्या फळीवर राहिली असती तर मी जबाबदारी घेतली नसती."

तो मानेना. मग मी पर्समधून पीएचची पट्टी काढली. हा कागद आंबटपणाप्रमाणे रंग बदलतो. एक थेंब सोबत आणलेल्या पहिल्या बॅचचा लावला, एक दुसऱ्या बॅचचा. दोन थेंबांचे दोन रंग आले. डबीवरच्या रंगांशी त्याने स्वतःच जुळवून पाहिले.

"ये किया किसने?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माय म्हणाली, "मी केलं, भैया. पान हिरवं राहावं म्हून. हिनं नव्हतं सांगितलं."

नीलेशभैयाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आंटी, जमवलं तर तुम्हीच होतं," तो म्हणाला आणि डोकं खाजवलं. "ठीक है. ले जाओ. परसों सुबह तक नया दिया तो ठीक, नाही तर मी डब्बेवाला सॉस लावतो. और सुनो, काला नहीं चलेगा."

बावीस बाटल्या भरलेल्या मिळाल्या, दोन रिकाम्या. सगळ्या मोजून घेतल्या. पुढे कुणालाही काही झालं नाही, हे इथेच सांगून टाकते.

दुपारी युनिटच्या मागे खड्डा केला. मायने एकेक झाकण स्वतः उघडून सॉस त्यात ओतला. मी वरून चुना टाकत होते. शेवटच्या बाटलीला ती थांबली. "त्याले हिरवं पाहिजे. तुले आंबट पाहिजे. दोन्ही एका बाटलीत राहत नाही, असंच ना?"

"असंच."

"मग बाटलीत पानच काहून टाकते?"

"वास यायला पाहिजे ना, माय."

"वासाले पान लागतं, दिसायले थोडंच लागतं? काढ्याची पुरचुंडी करत नाही का आपण? फडक्यात बांधायचं, उकळू द्यायचं, काढून फेकायचं. दिसलंच नाही तर काळं कसं दिसेल?"

मी हातातलं घमेलं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पातेल्यावर उभ्या राहिलो. सब्जा आणि ओव्याची पानं धुऊन मलमलीच्या फडक्यात बांधली, सॉसमध्ये सोडली आणि शिजत आल्यावर काढली. आंबट लागतो या तक्रारीसाठी मी कांदा लाल होईपर्यंत परतला आणि थोडी साखर घातली. साखरेने आंबटपणा झाकला जातो, मरत नाही. जीभ फसते, मीटर फसत नाही. चव मायने पाहिली, आकडा मी पाहिला. ४.१. मग गरमागरम बाटल्यांत भरून झाकणं लावली.

राहिलं हिरवं पान. ओपनिंगच्या सकाळी मायने वाफ्यातला ताजा सब्जा खुडला, ओल्या केळीच्या पानात गुंडाळला आणि सुतळीने बांधला. आमच्याकडे केळीच्या पानाला काय तोटा? नीलेशभैयाला मी सांगितलं, "पिझ्झा भट्टीतून बाहेर आला की ही पानं वरून हाताने तोडून टाका. कस्टमरच्या समोर."

त्याने ती समोरच टाकली. गरम पिझ्झावर पान पडलं आणि वास पुढच्या टेबलापर्यंत गेला. तिथल्या एका काकांनी विचारलं, "ये कहाँ से लाए?" नीलेशभैयाने न बोलता मायकडे बोट दाखवलं. माय पदराने तोंड पुसत मला म्हणाली, "बरा लागते. पण भाकरीसारखा नाही."

या प्रकरणातून मी एक शिकले. कुणी आपल्या मालाची फार स्तुती करायला लागला की आधी सॅम्पल काढून तपासावं. आणि नियम डोक्यात ठेवू नये, भिंतीवर लावावा. तो आता लावला आहे: आकडा लिहिल्याशिवाय बाटली दाराबाहेर जाणार नाही.

आज आमचा सॉस बुऱ्हाणपुरातल्या कॅफेंमध्ये जातो, शाहपूरच्या दोन बेकऱ्यांमध्ये जातो, आणि सब्जाचे चार वाफे होते तिथे आता अकरा आहेत. मी युनिटची क्वालिटी मॅनेजर आहे. वडिलांनी घड वाहणं सोडलं, ते वाफे बघतात. पीएच मीटर कसा जुळवायचा, हे मी मायला शिकवलं. आकडे तिला येत होते, सही येत नव्हती; ती तिने इथे शिकून घेतली. प्रत्येक बॅचचा आकडा आता तीच मोजते, तीच रजिस्टरमध्ये लिहिते आणि खाली स्वतःची सही करते. त्या सहीशिवाय मीसुद्धा बाटली हलवू शकत नाही.